मुगोकच्या प्योंचा एकुलता एक चोर

दाराशी काढून ठेवलेल्या बुटांची रांग वाढत गेली, तसं मि-रानने ओळखलं, आज आपलं काही खरं नाही. पांढरे अंगरखे, घोड्याच्या केसांच्या काळ्या उंच टोप्या. सात-आठ म्हातारे एकामागून एक आत आले आणि बैठकीच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसले. तिच्या नवऱ्याने स्वयंपाकघरातून एकदा डोकावून पाहिलं. सायकल दुरुस्तीला टाकून येतो म्हणाला आणि मागच्या दाराने सटकला. त्यांच्याकडे सायकल नव्हती.

‘आम्ही मुगोक गावचे, प्यो घराण्यातले,’ त्यांच्यातला सगळ्यात तरुण, सत्तरीचा म्हातारा म्हणाला. ‘आजचा भाग वाचून आलोय.’

कोरियातल्या आनदोंग शहराच्या वर्तमानपत्रात मि-रानची ऐतिहासिक कादंबरी रोज छापून येत होती, आणि आजच्याच भागात तिने प्यो ग्योमचा निकाल लावला होता. हा ग्योम राजाच्या धान्यकोठाराचा प्रमुख. जपानी फौजा चालून आल्या तेव्हा त्याने सैन्याचा तांदूळ विकून खाल्ला, बायकोचे कपडे घालून पळ काढला आणि कोणाच्या तरी परसातल्या सोयासॉसच्या रांजणात जाऊन लपला. घरच्या बाईने येऊन नेहमीप्रमाणे रांजणावर झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला आणि ती झोपायला गेली. तिथे ग्योम संपला.

वंशजांचा तिला जुना अनुभव होता. पहिली कादंबरी गोर्यो राजघराण्याच्या काळातली. तिच्यात एक सेनापती घोड्याला घाबरतो असं तिने लिहिलं, तर त्याच्या कुळातली माणसं दोन बसगाड्या भरून आली. दुसऱ्या वेळी ती आणखी मागे गेली, थेट सिल्ला राजवटीत. तिथल्या एका सरदाराला तिने घोरताना दाखवलं. त्याचे वंशज वकील घेऊन आले. काळ कितीही मागे न्या, कोणी ना कोणी जिवंत निघायचंच. शेवटी संपादकाने बजावलं होतं की यापुढे एकही घराणं दारात आलं तर त्याच दिवशी कादंबरी बंद. म्हणून या खेपेला खलनायकासाठी तिने शोधून शोधून मुगोकचे प्यो निवडले. साऱ्या इतिहासात त्यांच्यात ना मंत्री झाला, ना सेनापती, ना साधा कारकून. ज्यांना मिरवायला पूर्वजच नाही, ते कशाला दुखावतील?

ते आता तिच्यासमोर बसले होते आणि कोणी हसत नव्हतं.

मि-रानने जमिनीला कपाळ टेकून माफी मागितली. सातूचा चहा ठेवला. कोणी हात लावला नाही. पुस्तक निघेल तेव्हा आडनाव बदलते, असं ती म्हणाली, तर सगळ्या टोप्या एकदम नकारार्थी हलल्या. मग उद्याच्या भागात कोणाकडून तरी झाकण उघडवते आणि त्याला जिवंत बाहेर काढते, असं तिने सुचवलं. यावर म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. एकजण म्हणाला की नको, तो मरायची मी कधीपासून वाट बघत होतो. बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घालून चहाचा पेला उचलला आणि न पिताच परत ठेवला.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ओळीच्या मधोमध बसलेल्या, नव्वदी उलटलेल्या कुलप्रमुखाला कमी ऐकू येत होतं. मि-रान गुडघ्यांवर पुढे सरकली आणि मोठ्याने म्हणाली, ‘आजोबा, असा माणूस कधी झालाच नाही. मी तो मनाने रचला.’

‘ते ठाऊक आहे, लेखिकाबाई,’ म्हातारा शांतपणे म्हणाला. ‘खरा असता तर आम्ही आजवर गप्प बसलो असतो होय?’

मग तो सावकाश सांगू लागला. प्योंच्या कैक पिढ्या कोळसा पाडण्यात नाहीतर नदीवर होडी वल्हवण्यात गेल्या. दर शरदात इतर घराणी डोंगरावर जाऊन कोणा मंत्र्याच्या, कोणा पंडिताच्या थडग्यापुढे नैवेद्य ठेवतात. प्यो एका उंचवट्यापुढे वाकतात. त्याच्याखाली कोण आहे, कोणी आहे की नाही, देव जाणे. पण कादंबरी सुरू झाल्यापासून बाजारात लोक विचारतात, तुम्ही त्या ग्योमच्या प्योंपैकी का? असं त्यांना आजवर कोणी काहीच विचारलं नव्हतं.

‘चोर तर चोर,’ म्हातारा म्हणाला. ‘पण सरकारी धान्य खायला आधी सरकारात शिरावं लागतं, बाई. आमच्यातला तेवढा तरी कोणी पोचला.’

हसावं की डोळे पुसावे, मि-रानला कळेना. मग मी करू तरी काय, असं तिने विचारलं.

‘तो मेला याबद्दल तक्रार नाही. झकास मेला. पण तुम्ही लिहिलंत, मागे रडायला मूलबाळ नव्हतं. मग आम्ही त्याचे कोण? त्याला एक मुलगा द्या.’

एवढंच ना! मि-रानचा जीव भांड्यात पडला. उद्याच देते, ती म्हणाली. सगळ्यांनी पहिल्यांदा चहाचे पेले तोंडाला लावले. सत्तरीचा म्हातारा तेवढा जागचा उठून तिच्याजवळ येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

‘दोन दिलेत तर बरं होईल. आमच्या शाखा दोन आहेत. आणि जुळेच द्या. थोरली शाखा कोणती, यावरून आमचं बोलणं आधीच बंद आहे.’