कुमुदिनीबाईंची सप्तपदी

सत्तरीतल्या कुमुदिनीबाईंचं लग्न सप्तपदीपर्यंत आलं आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या कृत्रिम गुडघ्यांसाठी चालण्याचं नवं सॉफ्टवेअर पॅकेज आलं. उजवा गुडघा लिनक्स या संगणकप्रणालीच्या नव्या आवृत्तीवरचा, त्याने ते घेतलं. जुन्या लिनक्सवरच्या डाव्याने नाकारलं. बाई जागच्या जागी गोल फिरू लागल्या.

"केतकी, काहीतरी कर गं!" त्या भाचीवर ओरडल्या.

केतकीने लॅपटॉप उघडला. "मावशी, जुन्या लायब्ररीवर, म्हणजे डाव्या गुडघ्यातल्या जुन्या तयार कोडवर, पॅकेज पुन्हा बांधते. मग दोन्ही गुडघ्यांना चालेल."

खरंच चाललं. सातही पावलं सरळ पडली. मग आठवंही पडलं.

"अगं बाई! थांबण्याचा भाग नव्या लायब्ररीत होता, तो राहिलाच!" केतकी ओरडली.

शेल्याच्या गाठीने मागोमाग ओढले जाणारे नवरदेव सदानंदराव मात्र खुशीत होते. "राहू दे गं. आम्ही जरा फिरून येतो."