निळे टाके

शूटिंगमध्ये मुलगा ज्या उडीत जिवानिशी गेला, तीच उडी विमानात घडणाऱ्या त्या थरारपटात ठेवली होती. आई बघायला निघाली तशी सून म्हणाली, “आई, नायकाच्या जागी पडायचे ते. तोंड नाही दिसायचं त्यांचं.” “पोटच्या पोराची पाठ ओळखत नाही होय मी?” थिएटरात दोघी हात धरून बसल्या. पडद्यावर विमान धावपट्टीवर टेकता टेकता दार उघडलं, धुरात झटापट झाली आणि नायक पाठमोरा खाली कोसळला. पायातला बूट निसटला. काळ्या मोज्याच्या टाचेवर निळे टाके होते. काळा दोरा संपला म्हणून त्या सकाळी आईनंच घातलेले. ‘बुटात कोण बघतंय?’ म्हणाला होता तो. पुढच्याच दृश्यात नायक उठून बूट चढवू लागला. टाळ्या पडल्या. सून हळूच म्हणाली, “चला आई.” “थांब गं. याचा मोजा धड आहे. आपला अजून उठायचाय.”