फर्मानापुढची उदबत्ती

पावणे गावातून वाशीच्या कॉलेजात जाणारी पहिलीच मुलगी, हेमलता, ओटीवर बसून मोठ्याने इतिहास वाचत होती. जुन्या कोरियात चीनच्या बादशहाचं फर्मान आलं, की खुद्द राजा वेशीपर्यंत सामोरा जायचा. फर्मानापुढे धूप जाळायचा, वाकून नमस्कार करायचा, आणि मग कुठे ते उघडून वाचलं जायचं.

"बघ ना आजी, आत काय लिहिलंय ते ठाऊक नाही आणि आधी पूजा," ती हसत म्हणाली.

केशरबाई हसली नाही. तिने देव्हाऱ्यातल्या देवांमागून हळदीकुंकवाने माखलेला, न फोडलेला सरकारी लिफाफा काढून नातीच्या हातात दिला.

"तू जल्मायच्या आदी शिपाई देऊन गेला. सरकारचा कागद हाय म्हनून तुज्या आज्यानं नारल फोडला, उदबत्ती लावली. वाचनारा घरान कोन व्हता? मंग शेतां गेली, कारखाना आला. आता तू शिकलीस, तर वाच."

हेमलताने लिफाफा फोडला. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

'जमीन देण्यास हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावे.'