उभं नाणं

शून्य.

व्हर्जिलने पाच सेंटचं नाणं चालू इंजिनाच्या डोक्यावर, कडेवर उभं केलं आणि हात काढून घेतला. चर्चच्या हिरवळीवरची माणसं मक्याची कणसं खात गाडीच्या बाजूला दाटली. पाद्रीबुवा घड्याळ बघून मोठ्याने मोजू लागले.

साठ सेकंद नाणं उभं राहिलं तर बर्निस त्याच्याशी लग्न करणार होती. गेल्या वर्षी, जुन्या गाड्यांच्या याच मेळाव्यात, तिने चारचौघांत तसं सांगून टाकलं होतं. तेव्हा नाणं चार सेकंदांत आडवं झालं होतं.

सात.

"पडणार," बर्निस म्हणाली. ती गाडीच्या नाकाशी एकटीच उभी होती, आत वाकून. "आठ सिलिंडर एका रांगेत! इंजिन आहे की मालगाडी? एवढा लांब दांडा पिळवटणारच."

"आणि तुझं व्ही-आठ? चार इकडे, चार तिकडे, रस्ताभर नुसती धडधड."

"आखूड, हलकं, मजबूत. म्हणून तर चौपन्न सालानंतर तुझं हे लांबुडकं इथे कुणी बनवलं नाही."

तिला माहीत असणारच. फ्लिंटच्या मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं तिने व्ही-आठचीच ड्रॉइंगं काढली होती.

तेवीस.

उभं.

अठ्ठावीस.

उभंच.

"श्वास घे रे, व्हर्जिल," पाद्रीबुवा म्हणाले. "मला आज लग्न ठरवायचंय, अंत्यविधी नको. एकतीस, बत्तीस..."

अडतीस.

नाणं थरथरलं. डुललं. कुणीतरी ओरडलं, "गेलं!"

गेलं नाही. सावरलं आणि एकदम निश्चल झालं, खिळा ठोकल्यासारखं.

एक्केचाळीस.

सगळ्यांचे डोळे नाण्यावर. बर्निसचे इंजिनापुढच्या पंख्यावर.

पंखा फिरायचा थांबला होता. उन्हाने पेट्रोल नळीतच उकळलं असणार. इंजिन बंद पडलं होतं, आणि शेजारच्या दहा-बारा गाड्यांच्या घरघरीत ते कुणाला कळलं नव्हतं.

व्हर्जिलला कळलं होतं. त्याचा तळवा गाडीवर टेकलेला होता. दोन हिवाळे त्याने या इंजिनात घातले होते. त्याने बर्निसकडे पाहिलं, मग नाण्याकडे, मग पुन्हा बर्निसकडे. त्याला पत्त्यांतसुद्धा लबाडी जमत नसे.

एकोणपन्नास.

"बर्निस, ऐक, हे इंजिन..."

"मध्ये बोलू नकोस."

"अगं पण..."

"व्हर्जिल! मोजू दे की त्यांना."

सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

साठ!

टोप्या उडाल्या. कुणाचं तरी बटाट्याचं सॅलड गवतात सांडलं. पाद्रीबुवांनी व्हर्जिलला मिठी मारली. व्हर्जिलचे हात खालीच लोंबकळत राहिले. बर्निसने नाणं उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं.

"काय चालतंय हो इंजिन!" मागून एक म्हातारा कौतुकाने पुढे आला. "सदतीस सालचं, आणि एवढं शांत?"

"मग!" बर्निस म्हणाली आणि बॉनेट हळूच खाली ओढलं. "कान लावून बघा. जरासुद्धा आवाज नाही."