माळ्यावरची खोकी

"खेळण्यातल्या गाड्या कपाटात मांडल्यात ना, मग त्यांची रिकामी खोकी माळ्यावर कशाला?" दिवाळीची आवराआवर माळ्यापाशी आली की वृंदाताईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"जुन्या खेळण्याला खोक्याशिवाय मान नसतो," स्टुलावर चढलेले त्यांचे यजमान, श्रीधरराव म्हणाले.

"वस्तू वापरायला असते. तुम्ही मेली खोकी सांभाळत बसलाय. आज सगळी खाली काढा."

एकेक करत सगळी उतरली. शेवटी मागून एक जड खोकं आलं, चिकटपट्टीही न निघालेलं. वृंदाताईंच्या भावाने लग्नात दिलेला डिनर सेट.

"तो असू दे. पाहुण्यांसाठी ठेवलाय."

"कुठल्या?"

वृंदाताईंनी पदराने खोक्यावरची धूळ पुसली. दर भाऊबीजेला दादा विचारायचा, "माझा सेट कधी काढणार गं?" "तू काय पाहुणा आहेस?" म्हणत त्या त्याच्यापुढे स्टीलचं ताट ठेवायच्या. यंदाची भाऊबीज दादाविना होणार होती.

त्यांनी कात्री आणून पट्टी कापली. ताटं, वाट्या ओट्यावर मांडून झाल्यावर श्रीधरराव रिकामं खोकं चेपायला लागले, तशा त्या करवादल्या, "ते वर ठेवा. त्यावर दादाचं अक्षर आहे."