बिनआवाजाचा खेळ

मुलांनो, एक खेळ डोळ्यांसमोर आणा. इमारतीच्या अंगणात फरशीवर खडूने चौकोन आखलेत. सात मुलं आळीपाळीने एका पायावर उड्या मारतायत. रेषेवर पाय पडला की बाद. आणि एवढं सगळं चाललंय, पण कुणाच्या तोंडून हूं की चूं नाही. बाद झालेल्याला नुसतं बोट दाखवायचं. हसू आलंच, तर ओंजळीत दाबायचं.

हा नियम भिंगरीने केला होता. वर दुसऱ्या मजल्यावर तिची आजी पडून होती. ताप नाही, खोकला नाही. पण दीड महिना झाला, तिचं कशातच मन लागत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "त्यांना जपा." मग घरच्यांनी जपायला घेतलं. आईने खिडकी लावून पडदे ओढले. बाबा चपला हातात घेऊन घरात शिरू लागले.

आज भिंगरी दुधाचा पेला घेऊन खोलीत गेली, तेव्हा आजीचं तोंड भिंतीकडे होतं.

"आजी, झोपलीस?"

"झोप कुठली! पडलेय." आजीने विचारलं, "तुझी ती पलटण फुटली वाटतं?"

"छे गं! रोज खेळतो की. इथेच, खिडकीखाली."

आजी कूस बदलून तिच्याकडे वळली. "मग ऐकू कसं येत नाही? मी म्हटलं, झाली सगळी मोठी. आता कोण खेळतंय!"

"तुला त्रास नको म्हणून मुकाट्याने खेळतो."

आजी शाळेत खेळाची शिक्षिका होती. उभा जन्म मैदानात शिट्टी फुंकण्यात गेलेला. ती नातीकडे बघतच राहिली.

"आणि भांडण झालं तर?"

"भांडणार कसं? आवाज होतो ना! तो जाड्या रोज तीनदा रेषेवर पाय देतो आणि साळसूदासारखा पुढे जातो. पकडणार कोण?"

"मग तो खेळ कसला, डोंबल!" आजी म्हणाली. पण तेवढ्यानेच ती दमली. पुन्हा भिंतीकडे वळली. "ठेव दूध तिथे. जा तू."

भिंगरी उभीच राहिली. आजीला उठवायला ओढून उपयोग नव्हता. आईने हात धरून पाहिलं होतं. विनवूनही नव्हता, बाबांनी ते केलं होतं. तिने पडदा सारला, कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं. आजी "लाव" म्हणाली नाही. "राहू दे" असंही म्हणाली नाही.

भिंगरी धडाधडा जिना उतरली. "माझा डाव," ती मुलांच्या कानात कुजबुजली. एका पायावर दोन उड्या नीट घेतल्या. तिसऱ्या उडीला मात्र दोन्ही पाय बरोब्बर रेषेवर रोवले, दुसऱ्या मजल्यावरूनही स्वच्छ दिसावेत असे.

जाड्याने गुपचूप बोट दाखवलं.

"मी बाद नाही!" भिंगरी गळ्याच्या शिरा ताणून ओरडली. "कोण म्हणतं मी बाद? पाहिलंय का कुणी?"