अळ्यांची अदलाबदल

शलाकाच्या डब्यातल्या अळ्या वाळून काडी झाल्या होत्या. तिनं रानतुरीतून काढलेलं प्रोटीन अळीला अन्न पचूच देत नव्हतं. माझं प्रोटीन हरभऱ्याचं. ते खाऊन माझ्या अळ्यांनी बाळसं धरलं होतं. ज्याचं प्रोटीन पिकावरच्या अळीला रोखेल, त्या एकालाच परिषदेला जायचं होतं.

"तुझ्या अळ्या गोड आहेत रे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, हे जास्त झोंबलं.

जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही डब्यांतल्या अळ्यांची गुपचूप अदलाबदल केली.

चार दिवसांत माझ्या अळ्या तिच्याकडे वाळल्या आणि तिच्या माझ्याकडे गुटगुटीत झाल्या.

"मी काचेतून बघत होतो," आमचे सर म्हणाले. "अडवलं नाही, कारण हाच प्रयोग राहिला होता. परिषदेला शलाका जाईल. शोधनिबंधात तुझे आभार मानू, शेवटच्या पानावर."